तिसऱ्या रांगेचा अनुशेष

सात आसनांची मोटार ही चार माणसांच्या कुटुंबाची निकड आहे, हा सिद्धान्त नागपूर शहरात आता इतका दृढमूल झाला आहे की, त्याविरुद्ध कोणी कैफियत मांडू लागल्यास ती दाखल करून घेणारा कारकूनही मिळणार नाही. ज्या घरात खरोखरच सात माणसे एका छपराखाली नांदतात, ते घर दोन स्कूटर, एक सायकल आणि अडीअडचणीला नाक्यावरचा ऑटो एवढ्या सरंजामावर वर्षानुवर्षे विनातक्रार चालते; आणि ज्या घरातले चिरंजीव पुण्यास नोकरीला, कन्या बंगळुरास आणि उरलेली दोन माणसे दिवाणखान्याच्या दोन टोकांना दोन वर्तमानपत्रे वाचीत बसलेली असतात, त्या घरात मात्र एके दिवशी चहाच्या वेळी असा साक्षात्कार होतो की, पाच आसनांची गाडी आता पुरत नाही. कोणाला पुरत नाही, हा प्रश्न सभ्य माणसाने विचारावयाचा नसतो.

या साक्षात्काराला अलीकडे समृद्धी महामार्गाने मोठेच पाठबळ दिले आहे. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरांचा टप्पा खुला झाला आणि 5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा जोडला जाऊन 701 किलोमीटरांचा रस्ता पुरा झाला. तेव्हापासून ज्यांनी उभ्या आयुष्यात कोराडीच्या देवीपलीकडे स्वतःची गाडी नेली नाही, अशी माणसेही ‘उद्या सगळ्यांना घेऊन मुंबईला जायचे झाले तर’ या भाषेत बोलू लागली आहेत. सगळे म्हणजे कोण, हे ठरलेले नसते. महालक्ष्म्यांना येणारी नणंद, शेगावच्या वारीला हटकून निघणारे काकाजी, पुढेमागे होणारी सून आणि तिच्या माहेरची माणसे, असा एक भावी समुदाय मनश्चक्षूंपुढे उभा करून त्याच्यासाठी वर्तमानकाळात हप्ते सुरू करावयाचे असतात.

प्रतापनगरातील माझ्या एका स्नेह्यांच्या घरी अशीच मसलत भरली असता मला पाचारण झाले. मोटारींविषयी मला काही कळते असा त्यांचा समज होता असे नाही. पण वय झालेला, रिकामा आणि कोणाचीच बाजू न घेणारा मनुष्य पंच म्हणून सोयीचा पडतो. स्नेही पाटबंधारे खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले. त्यामुळे कोणत्याही योजनेचा आराखडा, फेरआराखडा आणि सुधारित अंदाजपत्रक झाल्याविना कुदळ मारावयाची नाही, हा खात्याचा शिरस्ता त्यांनी घरीही सांभाळलेला. चिरंजीव पुण्याहून मोबाइलच्या पडद्यावर हजर होते आणि गाडी आपटल्यास तिला किती तारे मिळतात, एवढी एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगत होते. वहिनींना गाडी पांढरी हवी होती. त्यांचे बंधू, म्हणजे स्नेह्यांचे मेहुणे, हे ‘जुनी घ्या’ पक्षाचे एकमेव पण अत्यंत बोलके सभासद. आणि कोपऱ्यात, काटोलहून डोळे तपासावयास आलेल्या मोठीआई सुपारी कातरीत बसल्या होत्या, ज्यांचे मत कोणी विचारले नव्हते.

मेहुण्यांचे म्हणणे असे की, महाराष्ट्राने मोठ्या गाड्यांचा जो इतिहास घडवला, तो आधी ध्यानात घ्यावा. 1994 साली पुण्याहून सुमो निघाली, जिचे नाव टेल्कोच्या सुमंत मूळगावकरांच्या नावावरून ठेवलेले. तिच्यात दहा माणसे कायद्याने बसत आणि वऱ्हाडाच्या दिवशी किती बसत, याची खानेसुमारी कोणी केली नाही. 2000 साली क्वालिस आली, त्याच वर्षी नाशिकची बोलेरो. 2005 साली क्वालिस ऐन भरात असताना बंद करून टोयोटाने इनोव्हा आणली, आणि तेव्हापासून हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्समध्ये पांढऱ्या इनोव्हांची जी रीघ लागते, तिच्याकडे पाहून या गाडीत बसण्यास निदान आमदार असावे लागते, अशी समजूत आमच्या शहरातील बऱ्याच भाविकांची झाली. स्कॉर्पिओ 2002 ची. एर्टिगा 2012 ची, जिने सात आसने मध्यमवर्गाच्या आटोक्यात आणली. या साऱ्या घराण्यांतील जुन्या, पण धडधाकट व्यक्ती आज बाजारात उपलब्ध असता, शोरूममधून बाहेर पडताच किंमत उतरणारी नवी गाडी घेणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष.

त्या जुन्या गाड्यांची एक विशेषता मात्र मेहुणे सोयीस्करपणे विसरले. सुमो काय, बोलेरो काय, यांच्या शेवटच्या भागात आसने समोरासमोर आडवी लावलेली असत, आणि त्यांवर बसलेल्या माणसांचे गुडघे एकमेकांत अडकत. भावकीत ज्यांचे बोलणे बंद असे, नेमकी तीच माणसे उशिरा येऊन मागे समोरासमोर बसत. आणि नागपूर ते माहूर एवढा वेळ दुसऱ्याच्या डोळ्यांत न पाहता बसणे मनुष्यदेहाला शक्य नसल्याने, यवतमाळच्या अलीकडेच शेताच्या धुऱ्याचा तंटा पुन्हा निघे, आणि कित्येकदा तेथल्या तेथे मिटेही. नव्या गाड्यांत सर्वांची तोंडे पुढे केलेली असतात. त्यामुळे कलह होत नाही आणि समेटही होत नाही; मागचा मनुष्य पुढच्याच्या मानेकडे पाहत मूकपणे प्रवास करतो.

पहिला इजलास नव्याचा, म्हणून आम्ही शहरातील एका शोरूममध्ये गेलो. तेथला विक्रेता कोवळा, टाय लावलेला आणि विलक्षण नम्र होता. मे महिन्याचा दुसरा आठवडा, बाहेर डांबर पाघळत होते. आणि त्याने पहिली गोष्ट दाखवली ती छतातली काचेची खिडकी.

“काकाजी, सनरूफवालं मॉडेल पाहा. आजकाल लोक तेच मागून राहिले.”

ज्या शहरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला, जेथे घरोघर वाळ्याचे पडदे आणि कूलर लावून सूर्यनारायणास दारातूनच परतवण्यात येते, तेथे त्याला डोक्यावर बोलावून घेण्यासाठी लाखभर रुपये जादा मोजावेत, ही कल्पना स्नेह्यांना पेलेना. परंतु वहिनींनी विचारले, “यातून नातू उभा राहू शकेल का हो?” नातू अद्याप नव्हता, चिरंजीवांचे लग्नही नव्हते, तरी सनरूफ यादीत गेले.

मग मापे निघाली. स्कॉर्पिओ-एन 4662 मिलिमीटर लांब आणि 1917 रुंद, हे ऐकताच स्नेह्यांनी महालातील आपल्या मूळ घराच्या गल्लीचे माप मनात घेतले आणि ती गाडी आत गेली तर आरसे मिटूनच जाईल, व आत गेलेली गाडी बाहेर येण्यास न्यायालयाचा हुकूम लागेल, असा शेरा मारला. ट्रायबर चार मीटरांच्या आतच सात माणसे बसवते. पण सातही बसल्यावर सामानाला 84 लिटरांची जागा उरते, म्हणजे माणसे शेगावला पोचतील आणि त्यांचे कपडे मागाहून एसटीने येतील. एर्टिगात ती जागा 209 लिटर आहे, तीत फराळाचे डबे मावतील. काही मोठ्या गाड्यांत तर मधल्या बाकाऐवजी दोन स्वतंत्र खुर्च्या बसवलेली, सहाच आसनांची आवृत्तीही मिळते, आणि तिची किंमत सात आसनांच्या आवृत्तीपेक्षा काही हजारांनी अधिक असते. एक नातलग कायमचा वगळण्याची ही किंमत मला तरी वाजवी वाटली.

सरकारने या विषयाचा जो सांगोपांग विचार केला आहे, त्याचा उल्लेख न करणे कृतघ्नपणाचे ठरेल. कोणती गाडी ‘युटिलिटी’ म्हणावयाची, याची व्याख्या वस्तू व सेवा कराच्या दफ्तरात कित्येक वर्षे अशी होती: लांबी 4000 मिलिमीटरांहून अधिक, इंजिन 1500 सीसीहून मोठे आणि जमिनीपासून पोटापर्यंत अंतर किमान 170 मिलिमीटर, मग तिला 28 टक्के कर आणि वर 22 टक्के उपकर. हे 170 मिलिमीटर गाडी रिकामी असताना मोजावयाचे की भरलेली असताना, हा बिकट प्रश्न 2023 च्या जुलैमध्ये कर परिषदेपुढे येऊन, रिकामी असतानाच मोजावे, असा निर्णय झाला. परिषदेची दूरदृष्टी येथे दिसून येते. कारण सावजीच्या पंगतीवरून उठलेली सात माणसे आत बसवून मोजले असते, तर नागपुरातील एकही गाडी त्या करास पात्र ठरली नसती. 22 सप्टेंबर 2025 पासून हा बोजा सरसकट 40 टक्क्यांवर आला, आणि चार मीटरांच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांना 18 टक्केच राहिले. ट्रायबर आणि बोलेरो ही दोन्ही कुळे याच सवलतीत बसतात. त्यावर राज्याचा वाहनकर निराळा: पेट्रोलच्या गाडीला किमतीप्रमाणे 11 ते 13 टक्के, डिझेलच्या गाडीला 13 ते 15. शोरूमच्या दारावर लिहिलेली किंमत आणि प्रत्यक्ष रस्त्यावर येणारी किंमत यांत एका स्कूटरचे अंतर कसे पडते, याचा उलगडा स्नेह्यांना कागदावर बेरीज केल्यानंतर झाला, आणि त्यांनी पाणी मागितले.

तेवढ्यात मोठीआई म्हणाल्या, “मांग कसं बसाचं, थे तं पाहू द्या.”

विक्रेत्याने एक कळ ओढली. मधल्या रांगेचे आसन कोलांटी खाऊन पुढे पडले आणि एक चिंचोळी वाट निर्माण झाली. मोठीआईंनी लुगड्याचा काचा सावरला, उजवा पाय पायरीवर ठेवला, डाव्या हाताने वरची मूठ धरली आणि क्षणभर थांबल्या. कारण आता आधी डोके आत न्यावे की दुसरा पाय, याचा निकाल लागत नव्हता. डोके नेले तर पाय बाहेर राहत होता, पाय नेला तर छत आडवे येत होते. अखेर त्या आडव्या होऊन आत गेल्या आणि बसत्या झाल्या तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीजवळ आले होते आणि सुपारीची चंची पायदानाखाली गेली होती. विक्रेता अभिमानाने म्हणाला की, मधले आसन सरकवता येते, पुढे घेतले की मागच्यांना जागा होते. वहिनी मधल्या आसनावर बसल्या होत्या. त्यांनी ते पुढे घेतले नाही.

“बसाले बसतो गा मी,” आतून आवाज आला, “पन उतरवाले मले कोन येईन?”

उतरवावयास आम्ही दोघे आणि विक्रेता लागलो.

त्या क्षणी मला 28 सप्टेंबर 1953 चा नागपूर करार आठवला. जे नागपूर 1956 पर्यंत एका मोठ्या प्रांताची राजधानी म्हणून स्वतः चक्र हाती धरून बसले होते, त्यास ‘या, मराठी माणसांची एकच मोठी गाडी करू, सर्वांना सारखीच जागा मिळेल’ असे सांगून आत घेण्यात आले, आणि आत शिरल्यावर कळले की आपली रांग तिसरी आहे. मुंबई पुढे, पुणे मधे आणि आसन सरकवण्याची कळ मधल्यांच्या हाती. गारवा मागे पोचत नाही, अशी तक्रार वारंवार झाली, तेव्हा 1983 साली अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कोणाला किती वारा कमी पडला, याचा हिशेब करण्यात आला. त्या तुटीला अनुशेष म्हणतात. 1994 साली वैधानिक विकास मंडळ झाले, म्हणजे मागच्या रांगेला स्वतंत्र झरोका मिळाला. करारात कबूल केल्याप्रमाणे दरवर्षी डिसेंबरात पुढची रांग मान वळवून ‘मागे सगळे ठीक आहे ना?’ असे विचारते, आणि उत्तर येण्यापूर्वी, थंडी सरण्याच्या आत, पुन्हा समोर पाहू लागते. मोटारींच्याच उद्योगाचे पाहा: सफारी पुण्याकडे झाली, बोलेरो नाशिकला, आणि आमच्या हिंगण्याला महिंद्रांचा कारखाना आला तो ट्रॅक्टरचा, ज्यावर आसन एकच असते. निदान त्यावर तिसऱ्या रांगेचा प्रश्न उद्भवत नाही, एवढेच समाधान.

दुसरा इजलास जुन्याचा. जुन्या गाड्यांच्या बाजारात शिरताच एक गोष्ट ध्यानात येते की, या शहरातील यच्चयावत विकाऊ गाड्या डॉक्टरांच्या आहेत. त्या घर ते दवाखाना एवढ्याच चालल्या, त्यांत कोणी विडी ओढली नाही, त्या कधी घाटात गेल्या नाहीत. एका इनोव्हाच्या मीटरवर 62 हजार किलोमीटर दिसत होते आणि ब्रेकच्या पायटीचे रबर मात्र गुळगुळीत होऊन खालचे लोखंड चमकत होते. त्या डॉक्टरांचा दवाखाना बहुधा हैदराबादेस असावा.

मेहुण्यांचे या क्षेत्रातील ज्ञान मात्र खरोखर अव्वल दर्जाचे निघाले, आणि ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे नमूद करतो. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा; असले टायर लावून समृद्धीवर ताशी 120 च्या मर्यादेला शिवू नये. पुढची पायपुसणी उचलून खालच्या गालिच्याचा वास घ्यावा आणि आसनाचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढून त्यावर मातीचा डाग आहे का ते पाहावे. कारण 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा दारातल्या कित्येक गाड्या बुडाल्या होत्या, आणि पाण्यातून निघालेली गाडी स्वतःहून ते सांगत नाही. आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म 35 हाती आल्याशिवाय बयाणा देऊ नये. नाव बदलण्यास फॉर्म 29 आणि 30; विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत कळवावयाचे, नाही तर गाडी तुमची, आणि तिने तोडलेल्या सिग्नलाचा दंड डॉक्टरांना, असा विक्षिप्त व्यवहार चालू राहतो. 1 एप्रिल 2019 पूर्वीची गाडी असेल तर तिला नव्या नमुन्याची सुरक्षित नंबरपट्टी लागली आहे का, हेही पाहावे. आणि पासिंग पाहावे: 31 म्हणजे नागपूर शहर, 40 म्हणजे ग्रामीण, 49 म्हणजे पूर्व नागपूर. यांत कोणता आकडा कुलीन, यावर धरमपेठेत आणि नंदनवनात निरनिराळी मते आहेत.

शेवटी एक इनोव्हा क्रिस्टा सर्वांना पसंत पडली. पांढरी होती, कागद चोख होते, मालक खरोखरच डॉक्टर होते. रामटेकपर्यंत चालवून पाहण्याची परवानगी मिळाली. मेहुणे चक्रावर बसले, कारण परीक्षा त्यांची होती. मोठीआई कोणाला न विचारता पुढचे दार उघडून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, “आता मी इथंच बसतो. तुमी पाहा आपलं.” मधल्या रांगेत वहिनी, त्यांच्या शेजारी वय झाल्याच्या सबबीवर मी. उरले गृहस्वामी, ज्यांच्या नावाने आरसी व्हावयाची होती, ज्यांचा निवृत्तिनिधी मोडावयाचा होता, ते काखोटीला आपली फाईल धरून तिसऱ्या रांगेत गेले.

नागपूर ते रामटेक अंतर सुमारे 50 किलोमीटर. कामठी ओलांडेपर्यंत मागून दोनदा सूचना आली की, वारा जरा वाढवावा. मनसरपर्यंत एकही शब्द आला नाही. गडाच्या पायथ्याशी गाडी थांबली, कळ ओढली गेली, आणि प्रथम फाईल, मग चष्मा, मग एक पाय अशा क्रमाने स्नेही बाहेर आले. त्यांनी पाठ सरळ केली, रामरायाच्या दिशेने हात जोडले आणि मेहुण्यांना शांतपणे विचारले, “पाच सीटची, चांगली अशी, काय भावात मिळते हो?”

माझा निवाडा मी त्याच सायंकाळी दिला, आणि तो साऱ्या इच्छुकांस लागू आहे. सात आसनांची गाडी निवडताना नवी की जुनी, डिझेल की पेट्रोल, पुण्याची की नाशिकची, हे प्रश्न दुय्यम होत. ज्याच्या सहीने खरेदीखत व्हावयाचे, त्या कर्त्या पुरुषाने मे महिन्यातल्या दुपारी, भरपेट जेवून, तिसऱ्या रांगेत बसून रामटेकला जाऊन यावे; परत आल्यावरही तीच गाडी हवीशी वाटली, तर ती खुशाल घ्यावी, माझी हरकत नाही. न वाटली, तर पाच आसनांची घ्यावी, आणि महालक्ष्म्यांना व शेगावच्या वारीला इनोव्हा भाड्याने सांगावी. तिच्याही तिसऱ्या रांगेत कोणी बसावयाचे, यावरून दारात वाद होईलच. पण त्या वादाचा दरमहा हप्ता भरावा लागणार नाही.